खोट्या खुंट्या

हडर्सफिल्डला, कालव्याकाठी,
जुन्या लोकरगिरणीच्या तळमजल्यावर
मी पेट्या दुरुस्त करते.
म्हणजे बाजाच्या. हे दर फोनवर सांगावं लागतं.

भाचा वेबसाइट करून देत होता.
"मावशी, आता प्लगइन निवड," म्हणाला,
आणि यादी सरकवत गेला,
चौऱ्याऐंशी लक्ष योनी संपेनात.
एक पानभर बर्फ भुरभुरवणारं,
एक "आत्ताच लीड्समधून कुणीतरी खरेदी केली" असं
धादांत खोटं बोलणारं,
एक सारखं विचारणारं: जाताय? खरंच जाताय?
असा दुकानदार भेटला
तर मी छत्री विसरून पळेन.

समोर कुणाची तरी पेटी उघडी होती.
दर्शनी फळीवर नऊ खुंट्या.
एकेक ओढून दाखवली त्याला.
चार हवा सोडतात.
पाच नुसत्याच. मागे भोक नाही, लाकूड.
गिऱ्हाइकाला भरघोस वाटावं म्हणून.

निहार गप्प. मग म्हणाला,
"पण दिसतात छान."
दिसतात. ते खरंच.

शेवटी तीन ठेवली:
रोज रात्री सगळ्याची प्रत काढणारं,
भुरट्यांना दारातच अडवणारं,
आणि एक साधा फॉर्म, फोटो जोडता येणारा.

मंगळवारी त्यातून डंडीहून
फाटक्या भात्याचा फोटो आला.
खाली एवढंच:
वडिलांची आहे. वाजते, पण धाप लागते तिला.

बर्फाचं मात्र निहारने
डिसेंबरपुरतं गुपचूप ठेवलंय.
मला कळलंय.
मी काढलेलं नाही.