सातू

पहिल्यांदा ती तो शब्द बोलली तेव्हा
रात्रीचे तीन वाजले होते,
खिडकीबाहेर उणे एकोणीस,
आणि मला वाटलं, पोरीला भूक लागली.

स्टेरॉइडचे दिवस होते. भूक तर होतीच.
आदल्या रात्री उकडलेले बटाटे, मीठ जास्त,
त्याच्या आदल्या रात्री नुसता लोणच्याचा खार.
म्हणून मी पुटपुटलो,
सातू? आता ताम्पेरेत सातू कुठून आणू, शालू?
ती माझ्याकडे न बघता
दारातल्या पाइवीकडे बघत पुन्हा म्हणाली,
सात्तू.

पाइवीनं तिचे पाय चोळले,
नळीतलं काहीतरी वाढवलं,
मग बाहेर कॉरिडॉरमध्ये, इंग्रजीत, जपून,
मला सांगितलं,
आमच्याकडे याचा अर्थ, दुखतंय.

तीन वर्षांची असताना आम्ही तिला इथल्या पाळणाघरात घातलं.
गुडघा पहिल्यांदा फुटला तो त्यांच्या अंगणात,
बोट चेमटलं ते त्यांच्या दारात,
मधमाशी चावली तीही इथलीच.
तेव्हा दुखणं ती त्यांच्याकडून शिकली.
आमच्याकडून शिकली जेवणं, रुसणं, कुशीत शिरणं,
आणि अलीकडे, काही नाही.

काय होतंय, शालू?
काही नाही.
स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता.
हे वाक्य तिनं आमचंच उचललं असणार,
रोज संध्याकाळी गावाकडच्या फोनवर
तिच्यासमोरच तर बोलत होतो.

मेधा आणि मी आता ट्रामच्या थांब्यावर भेटतो.
चार मिनिटं.
ती घरून येते, मी वॉर्डातून,
पिशवीबरोबर तान्हा ऋत्विजही या हातातून त्या हातात.
मी सांगतो, ताप नाही, पेशी शून्य पूर्णांक दोन, शी झाली.
ती सांगते, विजेचं बिल भरलं, वरण वरच्या कप्प्यात आहे.
सात्तूचं मी तिला सांगितलं नाही.
तिला माहीत होतं.
तिनंही मला सांगितलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावरचा रेइयो.
सहा वर्षांत आमचं लिफ्टमधलं एकूण बोलणं
एका पोस्टकार्डावर मावलं असतं.
त्या दिवशी त्यानं विचारलं, मुलगी?
माझं फिनिश अजून दुकानापुरतं,
दूध, पिशवी नको, धन्यवाद.
तोंडातून तेवढा एकच शब्द गेला.
तो काही बोलला नाही. लोकरी टोपी काढून हातात धरली.
चौथा मजला आला, दार उघडलं, मिटलं,
तो उतरलाच नाही.
सहाव्यापर्यंत माझ्यासोबत वर आला,
आणि मग जिन्यानं खाली गेला.

शनिवारी दाराच्या मुठीला कागदी पिशवी.
चिठ्ठी नाही.
आत भुरकट पीठ, वर मला वाचता न येणारं नाव.
चिमूटभर जिभेवर टाकलं
आणि तिथंच, ओल्या बुटांच्या ढिगात उभा राहून
मला हसू फुटलं, मग जे फुटलं ते हसू नव्हतं.
भाजून दळलेले जव.
त्याला कसं कळलं?
कळलं नव्हतंच काही.
आजाऱ्याला इथं हेच देत असतील, एवढंच.

पाइवीला विचारून, उकळून गार केलेल्या पाण्यात,
थोडा गूळ घालून कालवलं.
शालूनं दोन चमचे खाल्ले,
तिसरा माझ्याकडे ढकलला.
मी तो खाल्ला.
काय आहे हे?
सातू, मी म्हणालो.

बराच वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
मग सलाइनची नळी सांभाळत थोडी जवळ सरकली
आणि मराठीत विचारलं,
कुठं?