सेकंड माल

दिवाळी झाली की माग थंड पडतात,
अक्कलकोट रोडवर आठ दिवस खडखडाट नसतो,
आणि मी सांगोल्याची एसटी धरतो
मांडीवर सेकंड मालाचं गाठोडं घेऊन.
काठाला धागा सुटलेले,
रंगाची अर्धी छटा चुकलेले टॉवेल;
परदेशातल्या कुठल्या हॉटेलात निघाले होते,
तपासणीच्या टेबलावर मीच अडवले.

सगुणाआत्या एकेक नाकाशी धरते, बाजूला ठेवते.
"ह्येला कशाचाच वास न्हाई रं."

बंडगरवस्तीवर अकरा मेंढ्या, सात गाभण.
माडग्याळी सगळ्या, राघूच्या चोचीसारखं नाक,
अंगावर तांबडे डाग, सांडलेल्या चहासारखे.
आत्या बोटांवर दिवस मोजत नाही.
कास बघते. शेपटीच्या बुडाशी खळगा पडलाय का बघते.
कोण कळप सोडून कडेला उभी राहते,
पायानं माती उकरते, बसते, पुन्हा उठते,
ते बघते,
आणि ताटातली भाकरी तशीच टाकून निघते.

तीन रात्रींत चार व्याल्या.
माझं काम बॅटरी धरायची,
आणि हलवायची नाही.
नाळेला आयोडीन, मग सडातला मेणाचा खडा पिळून काढायचा,
मग चीक. तासाच्या आत पोटात गेला पाहिजे,
बाकी दुनिया नंतर.
सकाळी डालग्याखाली चार ओले आवाज,
आणि आत्याच्या कोपरापर्यंत वाळलेलं काहीतरी
जे ती चहा झाल्यावरच धुते.

चौथ्या रात्री आत्या तापानं फणफणली.
आणि कानाला चीर असलेली ती
नेमकी त्याच रात्री कुंपणाकडे गेली.

आधी दोन खूर आले, मग त्यांवर टेकवलेलं नाक,
विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं;
मग सगळंच एकदम, वाफाळत, मातीवर.
शाळूच्या रानातून वारा येत होता, सुईसारखा.
मी घाबरलो.
टॉवेल घेतला आणि पुसायला लागलो.
नाक, कान, कानांच्या मागे, काखा, पोट,
खुरांच्या फटीसुद्धा.
हाताला सवय आहे, डाग राहू द्यायचा नाही.
फिनिशिंगमधून निघाल्यासारखं कोरडं, पांढरं कोकरू
मी तिच्यापुढे ठेवलं.

तिनं हुंगलं.
एक पाऊल मागे गेली.
मग डोकं खाली घालून अशी ढुशी दिली
की ते दोन हात लांब जाऊन पडलं,
उठलं, पुन्हा तिच्याचकडे गेलं.
पुन्हा ढुशी.

घोंगडं ओढत आत्या आली, भिंतीला धरून.
"काय केलंस?"
"पुसलं."
"समदंच?"
मी गप्प.
"चाटू द्यायचं असतंय तिला. फडकं कुठाय?"

ते मी बाभळीच्या काट्यांवर फेकलं होतं,
पिवळट, चिकट, जड.
"आता उलटं पूस," आत्या म्हणाली.
नऊ वर्षांच्या नोकरीत
घाण स्वच्छावर लावायचं काम मी कधी केलं नव्हतं.
पाठीवर लावलं, शेपटीखाली जास्त,
हातात उरलेलं टाळूवर चोळलं.
आत्यानं वर चिमूटभर मीठ भुरभुरलं,
आणि मेंढीची मान गुडघ्यांत धरून बसली,
अंगात ताप, तोंडानं शिव्या, मला की मेंढीला कळेना.

बराच वेळ काही झालं नाही.
कुत्रं आलं, बघून गेलं.
मग तिनं पहिल्यांदा जीभ फिरवली,
आणि तोंड न उघडता
पोटातून एक आवाज काढला,
जो त्या दिवसाआधी तिच्याकडे नसावा.
कोकरू कासेखाली शिरलं.
शेपूट थरथरायला लागली तेव्हा
आत्यानं मान सोडली.
"बॅटरी बंद कर आता. सेल जळत्यात."

सोमवारी माग सुरू झाले.
टेबलावर पांढऱ्या टॉवेलांची थप्पी, ट्यूबलाइटखाली.
एक उचलून मी नाकाशी धरतो.
मुकादम थांबतो. "काय बघतोस?"
"काठ," मी म्हणतो.