सुरगाठ

मे महिना. मेडिकल चौकात डांबर मऊ झालंय
आणि मी बर्फात हात घालून बसलेली.
जेल थंडच ओतावं लागतं,
नाहीतर पिपेटच्या टोकातच थिजतं.
वर पेशी, खाली जाळी,
जाळीला आठ मायक्रॉनची भोकं.
पेशी कुणाच्या तरी जिभेच्या.
नाव नाही, बाटलीवर फक्त आकडा.

बाबांनी एकदा विचारलं होतं,
"का करून राह्यली व तू दिवसभर?"
दसरू बारसागडे, परांचीवाले.
बर्डीपासून मानेवाड्यापर्यंत
अर्ध्या शहराला बांबू बांधलेले.
मी त्यांच्याच भाषेत सांगितलं:
पेशीला भिंत फोडायची असते.
बाहेरून निरोप येतो,
सार्क नावाचा मुकादम हलतो,
पण एकटा मुकादम काय करणार?
म्हणून एक प्रथिन येतं,
ना काही तोडणारं, ना जोडणारं,
फक्त सगळ्यांना एका जागी धरून ठेवणारं.
तिथून पेशीला पाय फुटतो
आणि पायाच्या टोकाशी भिंत विरघळू लागते.

बाबा बराच वेळ गप्प.
तळहातावर खर्र्याची पन्नी घोटत होते,
तेव्हा अजून घोटायचे.
"म्हंजे परांचीच हाय ना ते," म्हणाले,
"त्याचा का दोष? बिल्डिंग कोनाची, त्याले का मालूम."
मग खिशातून सुतळी काढली.
"निरगाठ मारू नको कधी. सुरगाठ मार.
मजल्याचा भार पेलला पाह्यजे
अन् सोडाले एक बोट पुरलं पाह्यजे."

आता त्यांचं तोंड एक बोटच उघडतं.
ओपीडीत तसंच मोजतात, बोटांनी.
दिवाळीत तीन होती.
रिपोर्टात गाठीची लांबी आहे, रुंदी आहे,
कशी मारली ते लिहिलेलं नाही.

सकाळी मोजलं.
साध्या पेशी: दोनशे बारा पलीकडे.
परांची काढून घेतलेल्या: एकतीस.
शेंदरे मॅडम म्हणाल्या, पुन्हा कर, तीनदा कर,
आणि प्लेटमधलं माणसात धरू नकोस.
बरोबरच आहे.

रात्री कूलरसमोर, वाटीतलं वरणाचं पाणी
स्ट्रॉने ओढता ओढता थांबले.
दातांच्या फटीतून विचारलं,
"एकतीस कशा गेल्या?"
माहीत नाही, म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला,
खालच्या पोराकडे
सुतळी मागायचे, तसा.