किसणी

उचानं माझी किसणी मागितली
तेव्हाच मला शंका यायला हवी होती.
बसच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडणारा माणूस,
कुताइसीतल्या आमच्या या जिन्यात
ज्याच्या त्याच्या नळाची गळती थांबवणारा,
त्याला किसणी कशाला?

"लिले सहा वर्षांची होतेय, चियाला.
बारा पोरं येणार.
बालवाडीची चिठ्ठी आहे, चिप्स नकोत,
आणि केकसुद्धा लहानच."
एवढं बोलून तो किसणी पान्यासारखी धरून
खाली उतरला.

आमची स्वयंपाकघरं एकावर एक,
मधली फरशी कागदाची म्हटली तरी चालेल.
मला सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही.
(त्या दिवशी मुद्दाम ऐकलं.)

मझिया फोनमध्ये होती, साखरेच्या बरणीला टेकून.
दोन वर्षं झाली, ती बारीला असते,
एका इटालियन म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते,
आणि म्हातारीचा डोळा लागला
की आपलं घर चालवते, तिथून.
"पालक पिळ. अजून पिळ.
गॅरेजातलं फडकं पिळतोस तसं."
"ते आम्ही पिळत नाही, फेकतो."
"उचा!"

मग हातोडीचे आवाज.
एका घावाला एक अक्रोड, चुकून दोन नाहीत.
लसूण, कोथिंबीर, व्हिनेगरचा वास
माझ्या खिडकीपर्यंत चढला.
आमच्याकडे प्खाली म्हणतात याला:
भाजी अक्रोडात मळायची, गोळा वळायचा,
वर डाळिंबाचा दाणा.
माझी आई असे गोळे डोळे मिटून वळायची.

पण याला साळिंदरं करायची होती!
पालकाची हिरवी, बीटची लाल,
पाठीवर गाजराचे काटे,
तोंडाकडे डाळिंबाचे दोन डोळे.
पहिलं साळिंदर त्यानं फोनसमोर धरलं
आणि मझिया इतकी हसली, इतकी हसली,
की पलीकडे म्हातारी जागी झाली.
"हा तर बसखाली आलेला उंदीर!"
दहाव्यापर्यंत नाक जमलं.
विसाव्याला म्हणे तो स्वतःशीच शीळ घालत होता.

मी चारला खाली गेले, खुर्च्या हव्यात का विचारायला.
खुर्च्या नको होत्या, मलाही ठाऊक होतं.

गेगा नावाचं एक पोर आहे,
पालेभाजी पाहिली की त्याचे ओठ शिवल्यासारखे होतात.
लिलेनं हुकूम काढला,
आधी नाव ठेवायचं, मगच खायचं,
एकट्याला ताटलीत ठेवलं तर तो रडेल.
गेगानं आपल्याला नाव दिलं बोंडो,
मग त्याला पोटात एकटं वाटू नये म्हणून
बोंडोचा भाऊ, बहीण, चुलता,
आणि शेवटी बोंडोचा दातांचा डॉक्टर.
एक मुलगी मात्र हुंदके देऊन रडली,
आपण आपल्याच मार्गालितिकोला खाल्लं म्हणून.
तिला काकडीची होडी दिली. होडीला नाव नव्हतं.

रात्री नऊला दारावर टकटक.
किसणी परत, घासलेली, तरी भोकांत बीटचा लाल रंग,
आणि तिच्यावर बशी. आमच्या जिन्यात
रिकाम्या हातानं कुणी काही परत करत नाही.
बशीत एक साळिंदर, एका डोळ्याचं.
"खा," तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.

मी खाल्लं.
त्याच्या शर्टाच्या खिशातून आवाज आला,
"चियाला, मीठ? मिठाचं मी सांगितलंच नव्हतं."
त्यानं फोन काढून माझ्यासमोर धरला.
काचेवर, बरोब्बर तिच्या गालावर,
अंगठ्याचा बीटचा ठसा.
मी ॲप्रनचं टोक उचललं पुसायला,
तो म्हणाला, राहू दे.

"मीठ बेताचं आहे," मी बारीला सांगितलं,
"अगदी बेताचं."
दोघांना शुभरात्री म्हटलं, दार लावलं,
पावलं खाली पोचेपर्यंत थांबले,
आणि मग मिठाची बरणी काढली.