आधी रिव्हर्स टाका

मैनोद्दीन मिस्त्री बॉनेटकडं बघतच नाहीत.
चकचकीत फोर्डला एक फेरी मारतात,
चप्पल काढतात आणि खाली झोपतात.
कुंभारीच्या त्या अंगणात, मेच्या अकरा वाजता,
मला दिसतात फक्त त्यांचे पाय,
टाचा ग्रीसनं काळ्या, एक अंगठा बिननखाचा.
खालनं आवाज येतो:
"बेल हाउसिंगला वेल्डिंग हाय.
वेल्डिंगवर पुट्टी, पुट्टीवर निळा.
नांगराला चालंल. लोडरला नको, अक्का."

माझं काम साधं आहे.
कारखान्याची मळी, कोंबडखत, उसाचं पाचट,
उन्हाळ्यात मुळेगावच्या जागेत त्याचे ढीग लागतात,
ढिगातून ढीग करायचे, पलटायचे, ट्रॉलीत भरायचे.
सहा बाया पाट्या वाहतात
आणि दिवस मावळताना कंबर धरून बसतात.
सातवी मी.
नव्या लोडरचं कोटेशन फ्रीजवर चुंबकाखाली
दोन दिवाळ्या बघून पिवळं पडलंय.

बोरामणीला मॅसी होता, दिसायला देखणा.
मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर घेतलं
आणि दोन्ही हातांनी हलवलं,
दाताचा डॉक्टर दाढ हलवतो तसं.
हललं.
"बकेटभर मुरूम पुढं धरला की
सगळा भार हितं येतो, ह्या दोन मनगटांवर.
मनगटं गेलीत."
मालक म्हणाला, पॉवर स्टिअरिंग बसवून देतो की.
मिस्त्री हात पुसत म्हणाले,
"पाय मोडलेल्याला नवा बूट?"

तिसरा वळसंगला, बाभळीखाली.
एचएमटी, एकोणसाठ-अकरा, चौऱ्याऐंशी सालचा.
बॉनेट नाही. सीटवर खताच्या पोत्याची घडी.
हेडलाइटच्या रिकाम्या खोबणीत एक कंगवा.
मला वाटलं, चला, गेला दिवस.
मालक बिराजदार ओसरीतूनच बोलत होते,
अर्धं कानडीत फोनशी, अर्धं मराठीत आमच्याशी.
ट्रॅक्टरजवळ गेनसिद्ध उभा,
एकतीस वर्षं हाच चालवलेला.

"पहिला टाकू?"
"पुढं जाणं नंतर," मिस्त्री म्हणाले. "आधी रिव्हर्स टाका."

भरायचं, मागं. वळायचं, ओतायचं, पुन्हा मागं.
दिवसात चारशे वेळा.
लोडरचं निम्मं आयुष्य मागं येण्यात जातं,
क्लच तिथंच मरतो.
गेनसिद्धनं टाकला.
आवाज नाही. कडी बसावी तसा बसला.
मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनाला, डोळे मिटले.
मग रेडिएटरचं झाकण. पाण्यावर तवंग नाही.
ब्रीदरमधून धूर, थोडा,
वयाला शोभेल इतका.

तेव्हा गेनसिद्ध बोलला, कुणी न विचारता.
"एक हाय, अक्का. तिसरा सुटतो. उताराला.
लिव्हर मांडीनं दाबून धरावा लागतो."
"काय बे गेन्या!" ओसरी ओरडली.
"विकायलालाव का मोडायलालाव?"
गेनसिद्ध खाली बघत राहिला.
त्याच्या पँटीला उजव्या मांडीवर
रुपयाएवढं गुळगुळीत, झिजलेलं.
त्याला विकायचाच नव्हता.

"लोडर तिसऱ्यात जातोय कशाला,"
मी म्हणाले.
मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं.
एवढं एकच त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

दोन-वीसचं एक-नव्वद झालं, बॅटरी आमची.
मुळेगावपर्यंत गेनसिद्धच घेऊन आला.
मडगार्डवर मिस्त्री, मागनं स्कूटीवर मी.
उतार आला की त्याचा गुडघा आत सरकायचा,
न बघता,
झोपेत कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसा.
जागेवर आणून लावला. चहा घेतला नाही.
बायांनी नारळ कुठं फोडायचा विचारलं
तर पुढच्या चाकाकडं बोट दाखवलं
आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागला.

आता मागच्या वजनासाठी
मिस्त्री ड्रममध्ये काँक्रीट ओततायत.
पंप बसवताना कंगवा हाताला लागला,
दोन दाते तुटलेले, खोबरेल तेलाचा वास.
मी फोन केला.
बराच वेळ नुसती बकरी ऐकू आली.
मग तो म्हणाला,
"राहू द्या. तो तिथलाच हाय."