मधले वेढे

पाणीगेटच्या आत, तिसऱ्या गल्लीत,
जिथे दुपारी उन्हापेक्षा कापसाचा भुगाच जास्त उडतो,
तिथे हनीफभाई मन्सूरींच्या दुकानात
माझी सगळी इंजिनिअरिंग.

गिऱ्हाईक आलं की हनीफभाई आधी विचारतात,
"बेसशे कोण?"
कापड नंतर, रंग नंतर, घासाघीस तर फारच नंतर.
वजन कोणी खरं सांगत नाही.
पुरुष पाच किलो चोरतात, बायका दहा,
एका शेठनं तर उभ्याउभ्या निम्मा देह लपवला.
हनीफभाई मान डोलावतात,
चपलेची झीज बघतात
आणि तारेची जाडी मनात ठरवतात.

टिपणीसबाई रिक्षातून आल्या.
खुर्ची ऐसपैस सीटवर, त्या कडेला अंग चोरून.
कोणी विचारायच्या आत म्हणाल्या, "एकोणचाळीस.
ही केली तेव्हा अडुसष्ट होते.
हल्ली मी बसते, पण खुर्चीला कळत नाही.
वरच राहते,
न चिकटवलेल्या तिकिटासारखी.
पाय पोचत नाहीत खाली."

त्यांनी मला ओळखलं नाही.
मी बोटं ओळखली, पेन्सिल नसतानाही पेन्सिल धरलेली.
पॉलिटेक्निक, दुसरं वर्ष, मशीन ड्रॉइंग:
"स्प्रिंग काढताना सगळे वेढे काढत बसू नये.
वरचे दोन, खालचे दोन, मध्ये तुटक रेघ.
बघणाऱ्याला समजतं मधलं."
परीक्षेत मी चौदाच्या चौदा काढले,
उजेड कुठून येतो तेही दाखवलं.
घंटा झाली तेव्हा दुसरा प्रश्न कोराच.
तेवीस मार्क.
मग बाबांची नोकरी गेली, मग ही वाकडी सुई.

खुर्ची पालथी घातली.
खिळे उपटले, गोणपाट सोलला.
नऊ स्प्रिंगा, जाड तारेच्या, ताठ,
गंज नाही, कुठे कलणं नाही.
बिघाड शोधू लागलो तर सापडेना.
हनीफभाईंनी एकीवर तळवा ठेवला,
"आ तो हजी पेली अडसठवाळीनी राह जुए छे."

पट्टे नवे ताणले, एकाखालून एक.
नवाच्या जागी पाच मांडल्या, बारीक तारेच्या.
खालचा वेढा पट्ट्याला, चार चार टाके.
मग सुतळी:
अंगठ्यानं स्प्रिंग दोन बोटं खाली न्यायची,
तिथेच गाठ मारायची, श्वास न सोडता;
मागून पुढे, डावीकडून उजवीकडे,
मग तिरकी, मग दुसरी तिरकी,
चौकटीच्या खिळ्याला शेवटचा फास.
"दबावजे," हनीफभाई म्हणाले, "मारी ना नाखतो."
सैल धरलेली एक सुटली आणि
माझ्या हनुवटीवर आली. तीन दिवस दाढी केली नाही.

वर गोणपाट, काथ्या, कापूस,
आणि बाईंनी आणलेलं राखी कापड.

शनिवारी त्या येऊन बसल्या.
आतून एक बारीकसा आवाज आला,
कोणी "हो" म्हणावं तेवढा.
आधी अंगठे टेकले, मग चवडे.
टाचांना थोडा वेळ लागला.
आम्ही दोघंही त्यांच्या पायांकडेच बघत होतो,
हे लक्षात आल्यावर हनीफभाई पावती शोधू लागले.

पावतीच्या पाठीवर मी स्प्रिंग काढली होती.
वरचे दोन, खालचे दोन, मध्ये तुटक रेघ.
मग राहवलं नाही.

बाईंनी पैसे मोजले, पावती उलटली,
चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिली.
"वेळ गेला असेल," म्हणाल्या,
आणि घडी न घालता ती पर्समध्ये ठेवली.

जुन्या नऊ घेऊन जा म्हटलं, तर नको म्हणाल्या.
दाराशेजारच्या खिळ्याला आहेत, तारेत ओवलेल्या;
माल उतरवताना धक्का लागला की खूप वेळ हलत राहतात.
अडुसष्ट किलोचं कोणी आलं,
आणि खरं बोललं, तर देऊ.