तिसऱ्या भागातली बाई

शाहीन मुजावर नर्सिंग पास होऊन कराडला गेली,
जाताना माझ्या मोबाइलमध्ये तिचा पासवर्ड ठेवून गेली.
"मावशी, महिनाभर चालंल बघा."
चौदा महिने झाले.
पोरीनं बंद केलं नाही, मीही विषय काढला नाही.

रात्री साडेदहाला शेवटचं ताट घासून होतं.
समोरच्या तालमीतला दिवा विझतो.
मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवते
आणि उद्याचा लसूण सोलायला घेते.

आधी हिंदीत बघायचे.
पण हिंदीत सगळे एकाच माणसाच्या आवाजात बोलतात,
सासरा, डॉक्टर, सरकारी वकील,
सगळ्यांना एकच सर्दी.
मग मूळ आवाज लावला. खालची अक्षरं इंग्रजी, पळती,
मी तिसऱ्या शब्दाशी असते
तोवर पोरगी रडून घरी गेलेली असते.
ती अक्षरंही काढून टाकली.
आई पोराच्या पाठीत धपाटा घालते
त्याला खाली लिहून कशाला सांगायला पाहिजे?

दारात चप्पल काढतात. बरं वाटलं.
थोरल्यांसमोर पेला तोंड फिरवून पितात;
आमच्या गल्लीत पिणारा फिरवत नाही,
थोरलेच फिरवतात.
हात धरायला आठ भाग लावतात.
आठ!
तेवढ्यात माझं ठरून, होऊन, थोरला पाळण्यात होता,
आणि ह्यांचा हात मी नीट बघितला
तो फाउंड्रीत भाजल्यावर, पट्टी बदलताना.

गड्यांचं रडणं मला अजून पचत नाही.
चांगला कोट घातलेला, पुलावर उभा,
नाकाचा शेंडा लाल, आणि पुसतसुद्धा नाही.
ह्यांना मी एकदाच बघितलं,
खासबागेत पुतण्या चीतपट झाला त्या संध्याकाळी.
म्हणाले, डोळ्यात माती गेली.
आम्ही वरच्या पायरीवर बसलो होतो.

चिनी राजवाड्याची एक लावली होती, साठ भागांची.
दर चहात विष.
दिवाळीला जावा आल्या तेव्हा कप हातात घेऊन हसू येऊ लागलं,
म्हणून सोडली.
जपानी एक होती, तिच्यात अकरा भाग काही घडलंच नाही.
एक बाई डबे भरते, एक म्हातारा ते नेऊन देतो.
ती मी दोनदा बघितली.

पण खरं सांगू, हिरॉईन बघायला मी बसत नाही.
मी बसते कोपऱ्यावरच्या खानावळवालीसाठी.
कुरळे आखूड केस, कमरेला फडकं, अर्धा चेहरा वाफेत.
तिसऱ्या भागात ती दोघांपुढं लालभडक रस्सा ठेवते
(तांबडा त्यांचाही आहे, पांढरा अजून दिसला नाही).
सातव्यात पैसे नको म्हणते.
पंधराव्यात तो एकटाच येतो,
तेव्हा दोन चमचे मांडते, एक उचलून घेते.
झालं तिचं काम.
नाव शेवटी येत असेल,
पण तोवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो.

एकदा मी थांबवलं, मागं नेलं.
नुसत्या काड्या आणि गोळे, पडदाभर.
लसणाचं बोट पदराला पुसून
एका ओळीवर ठेवलं. ही असशील.

दर भागात कुणीतरी कुणालातरी एक प्रश्न विचारतं,
फोनवर, जिन्यात, भांडण मिटवताना.
भाषा येत नाही, पण तो मला पहिल्याच आठवड्यात कळला:
जेवलास का?
तिला मात्र कुणी विचारत नाही.
सोळा भाग मी वाट बघते.

काल सरवडेकरांचा हर्षद एकटा आला.
वर्षभर समोर पॉलिटेक्निकची एक पोरगी असायची,
कांदा त्याच्या ताटात सरकवणारी.
मी सवयीनं दोन वाट्या भरल्या होत्या.
एक पातेल्यात परत ओतली, आवाज न करता,
तरी त्यानं बघितलं.
भाकरी मोडता मोडता थांबला, म्हणाला,
"काकू, तुम्ही जेवला?"

व्हय, म्हटलं.
जेवले नव्हते.
आत जाऊन उगाच गॅस मोठा केला.